मँचेस्टरची पिवळी बस आणि आमची दुसरी पाळी

आमच्या सूतगिरणीच्या मागल्या अंगाला भंगाराचा ढीग आहे. दोन वर्षांपूर्वी पाळी सुटल्यावर लघवीला म्हणून तिकडं गेलो, तर गवतात एका जुन्या रिंग फ्रेमचा बिडाचा तुकडा पडलेला दिसला. त्याच्यावर ओतीव इंग्रजी अक्षरं होती. नखानं गंज खरवडत एकेक अक्षर लावलं : प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम. खात्यातल्या म्हाताऱ्या फिटरला विचारलं, "आबा, हे ओल्डहॅम कुठं आलं?" आबा तंबाखू मळत म्हणाले, "मँचेस्टरच्या शेजारी. आपल्या सगळ्या गिरण्यांची आई तिकडची."

आई तिकडची. हे डोक्यातून जाईना.

मी नववी नापास. इंग्रजी मला कुणी शिकवलं नाही. शब्दकोश, वाचनालय आणि आता मोबाईल, एवढ्यावर माझं शिक्षण चाललंय. मँचेस्टरच्या गिरण्या शोधायला म्हणून वाचायला बसलो, तर गिरण्या केव्हाच संपलेल्या. मुंबईत १९८२ च्या संपानंतर जे झालं ते तिकडं त्याच्या आधीच होऊन गेलेलं. गिरण्या शोधता शोधता सापडली ती बस. पिवळी, काळ्या पट्ट्याची, अंगावर मधमाशी काढलेली सरकारी बस. आणि ती बस परत सरकारी कशी झाली याची एक लांबलचक भानगड. ती भानगड तुम्हाला सांगायला हा लेख.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, आपल्याला आरक्षण, ॲट्रॉसिटी, वसतिगृह, शिष्यवृत्ती असे शंभर प्रश्न आहेत. हा गडी विलायतेतल्या बसचं काय घेऊन बसला? तर आधी माझं ऐका.

आमची दुसरी पाळी रात्री साडेअकराला सुटते. गिरणीनं कामगारांसाठी ठेकेदाराची बस लावलीय. ती बस हमरस्त्यानं जाते, गावात शिरते, देवळापुढं थांबते, बाजारपेठेत थांबते, सोसायटीपाशी थांबते. आमची वस्ती हमरस्त्यापासून दीड किलोमीटर आत. तिथं बस येत नाही. आम्ही पंधरा जण, त्यात चार बाया, रात्री बाराला हमरस्त्यावर उतरून अंधारातून चालत घरी जातो. ठेकेदाराला विचारलं तर पहिल्यांदा म्हणाला, वळायला जागा नाही. निवडणुकीत त्याच जागेत सभेला न्यायच्या लक्झऱ्या वळल्या होत्या, ते आम्ही डोळ्यानं बघितलेलं. तसं सांगितल्यावर म्हणाला, "अरे, तुमच्याकडनं चढणारे पंधरा. पंधरा माणसांसाठी रोज तीन किलोमीटरचं डिझेल जाळू काय?"

हे वाक्य नीट ध्यानात ठेवा. हेच वाक्य विलायतेच्या पार्लमेंटात कायदा होऊन बसलं होतं.

आता मुळापासून. बस ही चीज इंग्लंडात पहिल्यांदा मँचेस्टरात आली असं मानतात. १८२४ साली पेंडलटन नाक्यावर टोल वसूल करणारा जॉन ग्रीनवूड नावाचा माणूस होता. त्यानं घोडागाडी लावून पेंडलटन ते मँचेस्टर अशी ठरलेल्या वेळेची सेवा काढली. कुणीही चढावं, कुठंही उतरावं. पण कुणीही म्हणजे कोण? ज्याच्या खिशात पैसे तो. गिरणी कामगार पायीच.

पुढं वीस वर्षांनी एंगल्स त्या शहरात होता. बापाच्या सूतगिरणीच्या धंद्यासाठी आलेला. १८४५ साली त्यानं इंग्लंडातल्या कामगार वर्गावर पुस्तक लिहिलं. त्यात एक निरीक्षण आहे, ते वाचून मी पुस्तक खाली ठेवलं आणि बाहेर जाऊन बिडी ओढली. तो सांगतो की ह्या शहराची मांडणीच अशी आहे की पैसेवाला माणूस बाहेरच्या बंगल्यातून ऑम्निबसनं मधल्या पेठेत रोज जाऊन येतो, तो मजुरांच्या वस्त्यांमधूनच जातो, पण त्याला त्या कधी दिसत नाहीत. कारण हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानांच्या रांगा आहेत आणि घाण त्या रांगांच्या मागं. म्हणजे बघा, बसचा रस्ता नुसता माणसं नेत नाही. काय दाखवायचं आणि काय झाकायचं, तेही तो ठरवतो. गावकुसाची भिंत आमच्याकडं दगडाची होती, त्यांच्याकडं दुकानांची.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या नगरपालिकांनी विजेच्या ट्रामा काढल्या, पुढं बसगाड्या आणल्या. मँचेस्टरची वेगळी, सॅलफर्डची वेगळी, बोल्टन, बरी, रॉचडेल, ओल्डहॅम, स्टॉकपोर्ट, ज्याची त्याची वेगळी. प्रत्येकीचा रंग वेगळा, डेपो वेगळा. गिरणीचा भोंगा आणि बसचं वेळापत्रक एकमेकाला बांधलेलं. आपल्याकडं मुंबईत महापालिकेनं ७ ऑगस्ट १९४७ ला जुन्या विलायती कंपनीकडून बेस्ट ताब्यात घेतली आणि १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर अशी पहिली एसटी सुटली. एकाच जमान्यातला हा विचार आहे : बस ही नळाच्या पाण्यासारखी, ती धंदेवाल्यावर सोडायची नाही.

पण सरकारी म्हटलं की लगेच टाळ्या वाजवू नका. मीही वाजवत होतो, मग पुढलं वाचलं.

१९५९ साली सुंदरसिंग सागर नावाचा शीख माणूस मँचेस्टर नगरपालिकेच्या बसवर नोकरी मागायला गेला. नगरपालिका म्हणाली, पगडी चालायची नाही, आमच्या गणवेशाची टोपी घालावी लागेल. तो म्हणाला, पगडी निळी बांधतो, तुमचा बिल्ला पगडीवर लावतो. नाही म्हणजे नाही. १९६६ साली नगरपालिका वाकली. सात वर्षं एका फेट्यासाठी.

ब्रिस्टल शहरात तर त्याहून नागडं. तिथली बस कंपनी सरकारी मालकीची. आणि ती काळ्या आणि आशियाई माणसाला चालक-वाहक म्हणून घेतच नव्हती. कुणी म्हणेल, हे मालकाचं कारस्थान. तसं नाही. १९५५ सालीच तिथल्या कामगार युनियनच्या शाखेनं ठराव केला होता की काळ्या माणसाला गाडीवर कामाला घ्यायचं नाही. युनियनचा ठराव! १९६३ साली ३० एप्रिलला पॉल स्टीव्हन्सन आणि त्याच्या साथीदारांनी बसवर बहिष्कार सुरू केला. चार महिने चालला. २८ ऑगस्टला, म्हणजे ज्या दिवशी वॉशिंग्टनला मार्टिन ल्यूथर किंगचं भाषण झालं त्याच दिवशी, कंपनीनं रंगभेद मागं घेतला. सप्टेंबरात रघबीर सिंग नावाचा शीख गडी त्या शहरातला पहिला बिगर-गोरा कंडक्टर झाला.

हे वाचताना मला आपल्या गिरणगावातलं साचा खातं आठवत होतं. धोट्यातली बॉबिन बदलताना दोरा तोंडानं ओढावा लागतो, म्हणून अस्पृश्याला विणकामात घ्यायचं नाही, त्यानं रिंग खात्यातच मरायचं. साचा खात्यात पगार जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला होता. मालक खाजगी असो नाहीतर सरकारी, आणि झेंडा लाल असो नाहीतर आणखी कुठला, आत कुणाला घेतात आणि दारात कुणाला उभं करतात, हे वेगळं विचारावंच लागतं. हे सांगून मी परत बसवर येतो.

१९६८ च्या कायद्यानं मोठ्या शहरांच्या भोवती एकच वाहतूक मंडळ करायचं ठरलं. १ नोव्हेंबर १९६९ ला मँचेस्टरच्या भोवतालच्या ११ नगरपालिकांच्या बस एकत्र झाल्या. नाव सेल्नेक. गाड्यांना नारिंगी-पांढरा रंग. १९७४ मध्ये विगनची बसही त्यात आली आणि 'ग्रेटर मँचेस्टर' असं सगळ्याचं नाव पडलं. इथं पहिल्यांदा मार्गांचा एक नकाशा झाला. त्याआधी ज्या त्या पालिकेचा कारभार वेगळा. माणसाचं काम काही पालिकेची हद्द बघून चालत नाही.

मग आलं मार्गारेट थॅचरचं राज्य. १९८५ चा वाहतूक कायदा. वाहतूक मंत्री निकोलस रिडले. २६ ऑक्टोबर १९८६ पासून लंडन सोडून सगळ्या इंग्लंडात, स्कॉटलंडात, वेल्समध्ये बसचा धंदा मोकळा. परवाना असलेल्या कुणीही कुठल्याही मार्गावर बस लावावी. ४२ दिवसांची नोटीस द्यायची, झालं. बंद करायची तरी तेवढीच नोटीस. वाहतूक मंडळानं मार्ग ठरवायचा नाही, तिकीट ठरवायचं नाही, वेळ ठरवायची नाही. ज्या मार्गावर कुणीच बस लावणार नाही, तेवढ्यापुरतं मंडळानं पैसे देऊन टेंडर काढायचं. म्हणजे मलई कंपनीची आणि करपलेलं खरवडायचं सरकारनं.

लंडन का सोडलं? तिथं दुसरी तऱ्हा लावली. मार्ग, वेळ, तिकीट सरकारी मंडळाच्या हातात, आणि बस चालवायचं काम टेंडरनं. १९८५ पासून तसं सुरू झालं. उत्तरेकडच्या मजुरांना ज्या खुल्या बाजाराचं अमृत पाजलं, ते राजधानीच्या घशाखाली पूर्ण उतरवायची सरकारची छाती झाली नाही. स्वतःच्या घरासमोरची बस सगळ्यांनाच वेळेवर हवी असते.

मँचेस्टरात काय झालं? विल्म्स्लो रोड हा विद्यापीठाचा रस्ता. तिथं बसमागं बस. एका स्टॉपवर दोन-तीन कंपन्यांच्या गाड्या एकमेकींपुढं घुसायच्या. आणि टोकाच्या वस्त्यांत संध्याकाळी सातनंतर सामसूम. जानेवारी १९८७ मध्ये एका खाजगी कंपनीनं छोट्या मिनीबस काढल्या, नाव 'बी लाइन बझ'. मधमाशी त्यांच्याही नावात होती. मधमाशी १८४२ पासून मँचेस्टर शहराच्या चिन्हावर आहे, गिरणीत राबणाऱ्या मजुरांची खूण म्हणून. आमच्या कष्टाची खूण त्यांच्या धंद्याची पाटी व्हायला वेळ लागत नाही.

जुन्या सरकारी बसची कंपनी केली, जी. एम. बसेस. तिचे १९९३ च्या शेवटी दोन तुकडे केले, उत्तर आणि दक्षिण. १९९४ मध्ये ते कामगारांच्याच गटांना विकले. ऐकायला किती गोड! कामगार मालक झाले. दोन वर्षं टिकलं. १९९६ मध्ये दक्षिणेचा तुकडा स्टेजकोचनं गिळला आणि उत्तरेचा फर्स्टबसनं. स्टेजकोच म्हणजे स्कॉटलंडातल्या भावाबहिणीनं १९८० मध्ये काढलेली कंपनी, जी ह्याच कायद्याच्या जोरावर डोंगराएवढी झाली. स्पर्धा, स्पर्धा म्हणून जे ढोल बडवले, त्यातून दहा वर्षांत काय निघालं? उत्तरेला एक दादा, दक्षिणेला एक दादा.

प्रत्येक कंपनीचा पास वेगळा. एकीचा पास दुसरीच्या गाडीत चालत नाही. सगळीकडं चालणारा पास होता, पण तो महाग. दोन कंपन्यांनी मिळून वेळापत्रक जुळवायचं म्हटलं तर तो स्पर्धेच्या कायद्याखाली गुन्हा व्हायची भीती. १९८६ साली तिथं वर्षाला साडेपस्तीस कोटी बसप्रवास होत होते, २०१९ पर्यंत ते १८ कोटींच्या आसपास आले. सगळा दोष कायद्याला देऊ नये. मोटारी वाढल्या, गिरण्या गेल्या, कामाच्या जागा हलल्या. पण त्याच काळात लंडनची बस भरत गेली. तिथंही मोटारी होत्याच की.

आता डेपोचं. माझ्या मते ह्या सगळ्या गोष्टीत डेपो हेच मर्म आहे, आणि लोक त्याकडं बघत नाहीत. लोक बसचा रंग बघतात.

डेपो म्हणजे काय? गाडी रात्री कुठं झोपते, तिला डिझेल कुठं भेटतं, तिचं इंजिन कोण उघडतं, ड्रायव्हर डबा कुठं खातो. आपल्या एसटीतल्या जुन्या माणसाला विचारा. डेपो लांब असला की पहिली गाडी रिकामी धावत मार्गावर यायला लागते. त्या रिकाम्या धावेला ते डेड किलोमीटर म्हणतात. त्यात डिझेल जातं, पगार जातो, तिकीट एक फाटत नाही. म्हणून साहेब लोक सगळ्यात आधी पहिली आणि शेवटची फेरी कापतात. पहिली-शेवटची फेरी कुणाची असते? पाळीवाल्या कामगाराची, दवाखान्यात झाडू मारणाऱ्या बाईची, मंडईत भाजी नेणाऱ्या म्हातारीची. त्यावर एसटीनं काढलेली तोड म्हणजे मुक्कामी गाडी. गाडी रात्री शेवटच्या गावातच झोपणार, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर चावडीत, आणि पहाटे तीच पहिली गाडी. डेपोच गावात नेऊन ठेवायचा, एका रात्रीपुरता. ही अक्कल कुठल्या परदेशी सल्लागारानं विकलेली नाही. पण मुक्कामी गाडी गावात झोपायची, वस्तीत नाही, हेही लिहून ठेवतो.

तर २०१७ साली विलायतेत नवा कायदा झाला. महापौर असलेल्या प्रदेशांना बस परत ताब्यात घ्यायची मुभा मिळाली. ह्याला ते फ्रँचायझिंग म्हणतात. म्हणजे मार्ग, वेळ, तिकीट, रंग सगळं सार्वजनिक मंडळ ठरवणार. कंपनीनं ठरलेल्या पैशात बस चालवून द्यायची. तिकिटाचा पैसा मंडळाच्या गल्ल्यात. पंधरा माणसं चढली काय आणि पन्नास चढली काय, कंपनीला फरक पडत नाही, तिला फेरी वेळेवर केल्याचे पैसे. ठेकेदाराचं ते डिझेलचं वाक्य इथं मोडतं. त्याच कायद्यात मेख पण मारून ठेवली होती : नगरपालिकेनं स्वतःची नवी बस कंपनी काढायची नाही. ती बंदी उठवायला २०२५ चा कायदा यावा लागला.

मँचेस्टरात आपोआप काही झालं नाही. तिथं 'बेटर बसेस फॉर ग्रेटर मँचेस्टर' नावानं लोकांनी मोहीम चालवली. सह्या गोळा केल्या, सभा घेतल्या. मंडळानं दोनदा लोकांची मतं मागवली. २५ मार्च २०२१ ला महापौर अँडी बर्नहॅमनं निर्णय जाहीर केला. स्टेजकोच आणि रोटाला ह्या कंपन्या कोर्टात गेल्या. मार्च २०२२ मध्ये हरल्या, अपील झालं, जुलैत तेही फेटाळलं गेलं. आणि मग गंमत बघा. टेंडरं निघाली तशी दोघीही ओळीत येऊन उभ्या राहिल्या. रोटालाच्या डायमंड कंपनीला पहिल्याच टप्प्यात छोटी कामं मिळाली, स्टेजकोचला पुढच्या टप्प्यात. ज्या दाराला लाथा घातल्या त्याच दारात ताट घेऊन. धंद्याला अहंकार नसतो, तो फक्त आपल्याला असतो.

मंडळानं शहाणपणाचं काम केलं ते डेपोचं. जुन्या कंपनीकडं डेपो आहे आणि नवीला शंभर गाड्या उभ्या करायला जागा नाही, तर टेंडर नावालाच. डेपोवाला सांगेल तो भाव. म्हणून मोठे डेपो मंडळानं स्वतःच्या ताब्यात घेतले. बोल्टन, विगन, ओल्डहॅम, क्वीन्स रोड, हाइड रोड. आणि प्रदेशाची वाटणी मार्गांप्रमाणं न करता डेपोंप्रमाणं केली. एक मोठा डेपो आणि त्यातून सुटणारे सगळे मार्ग मिळून एक ठेका. ठेका संपला की कंपनीनं चालतं व्हायचं. डेपो तिथंच, ड्रायव्हर तिथंच, मार्ग तिथंच. ड्रायव्हर-मेकॅनिक लोकांची नोकरी नव्या कंपनीत आपोआप बदली होऊन जाते, कायद्यानंच.

तीन टप्प्यांत झालं. २४ सप्टेंबर २०२३ ला बोल्टन-विगनची बाजू. २४ मार्च २०२४ ला ओल्डहॅम, रॉचडेल आणि शहराची उत्तर बाजू. ५ जानेवारी २०२५ ला राहिलेली दक्षिण, स्टॉकपोर्ट, टेमसाइड, ट्रॅफर्ड. ह्या तिसऱ्या टप्प्यात काही डेपो मेट्रोलाइनला गेले, ती मूळ मालकीनं सिंगापूरची. सगळ्या बदलाला साडेतेरा कोटी पौंडांच्या आसपास खर्च धरला होता. एक फेरी दोन पौंडांत, लहान मुलाला एक. २०२५ पासून त्याच दोन पौंडांत तासाभरात कितीही बस बदला. हे तिकीट साधं वाटतं, पण मार्गाची मांडणी बदलायची ताकद त्याच्यात आहे. बस बदलली की दुसऱ्यांदा पैसे लागतात, तोवर प्रत्येकाला दारापासून दारापर्यंत एकच बस हवी असते, आणि सगळे मार्ग शहराच्या मध्यावर जाऊन गर्दी करतात. बदलण्याचे पैसे नाही लागले तर एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीला आडवी बस काढता येते.

एक खरं सांगायला पाहिजे. रंग आधी बदलला, मार्ग नंतर. पहिल्या दिवशी पिवळ्या बस धावल्या त्या बहुतेक कंपन्यांच्याच जुन्या मार्गांवर. एका रात्रीत सगळं फिरवलं असतं तर लोक स्टॉपवर उभे राहून शिव्या घालत बसले असते, हे मला पटतं. पण नकाशा परत आखायचं काम कूर्मगतीनं चाललंय, हेही खरं. मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. १ सप्टेंबर २०२४ पासून ली ते मँचेस्टर आणि बोल्टन ते मँचेस्टर असे दोन मार्ग रात्रभर सुरू केले, प्रयोग म्हणून. ली आणि बोल्टन ही जुनी सूतगिरण्यांची गावं. ज्या गावात रात्रपाळीच्या गिरण्या होत्या, त्या गावाला रात्रीची बस आता मिळाली. गिरण्या गेल्यावर. कुणासाठी? दवाखान्यातले, हॉटेलातले, गोदामातले. म्हणजे पाळी संपलेली नाही, तिचं खातं बदललं.

आता आपल्याकडं. बेस्टनं २०१९ च्या सुमारास ठेकेदारांच्या गाड्या वाढवायला घेतल्या. वेट लीज म्हणतात. गाडी ठेकेदाराची, ड्रायव्हर ठेकेदाराचा, मार्ग आणि तिकीट बेस्टचं, ठेकेदाराला किलोमीटरप्रमाणं पैसे. ९ जुलै २०१९ ला कमीत कमी तिकीट पाच रुपयांवर आणलं, तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली. मे २०२५ मध्ये ते दहा झालं. मधल्या काळात बेस्टच्या स्वतःच्या गाड्या भंगारात जात राहिल्या आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ठेकेदाराच्या ड्रायव्हरांनी पगारासाठी संप केला. एकाच लाल बसवर दोन प्रकारची माणसं, एक कायम आणि एक ठेक्याचा.

कागदावर बघितलं तर मँचेस्टरची पिवळी बस आणि बेस्टची वेट लीजची बस यांच्यात फार फरक नाही. फरक आहे तो दिशेचा. ते सगळं खाजगी करून, चाळीस वर्षं भोगून, जिना चढून वर येतायत. आपण सगळं सरकारी असताना जिना उतरतोय. मधल्या पायरीवर दोघांची गाठ पडलीय आणि दोघंही एकमेकाला म्हणतायत, पाव्हणं, बरं चाललंय. म्हणून कुणी साहेब मँचेस्टरचं नाव घेऊन आपल्याला ठेका शिकवायला लागला तर त्याला विचारा, तू चढतोयस का उतरतोयस? आणि डेपोची जागा कुणाच्या नावावर ठेवणार आहेस? मुंबईत गिरणीची जमीन हातची गेली, तिच्यावर मॉल आणि टॉवर उठले. डेपोची जमीनही शहराच्या ऐन मध्यावर असते. बिल्डरला बस कळत नाही, त्याला एकर कळतो.

पिवळ्या बसवरही सगळं गोड नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या दोन हजारांच्या आसपास ड्रायव्हरांनी पगारासाठी संप केला. रंग एक, गणवेशावरची मधमाशी एक, पण पगाराचं पाकीट देणारी कंपनी वेगवेगळी. ठेका कमी पैशात घ्यायचा म्हटलं की काटछाट कुठं होणार? डिझेलवाला सवलत देत नाही. त्यांनी १९६९ ला जिथून सुरुवात केली होती तिथंपर्यंत ते अजून पोचलेले नाहीत, हे माझं मत. कुणाचं वेगळं असेल तर पुढच्या अंकात लिहा, मी उत्तर देईन.

हे सगळं वाचून झाल्यावर आम्ही काय केलं ते सांगतो. गेल्या महिन्यात एका सुट्टीला समाजमंदिरात पाच जण बसलो. पुतण्याच्या चित्रकलेच्या वहीतला मोठा कागद घेतला. गिरणी, हमरस्ता, गाव, वस्ती काढली. कुठल्या घरातनं कोण कुठल्या पाळीला जातं त्याचे ठिपके मारले. ठेकेदार म्हणत होता पंधरा, ठिपके भरले तेवीस. कारण आठ बायांनी अंधारातलं चालणं नको म्हणून दुसरी पाळी सोडून दिली होती. त्या त्याच्या मोजणीत आल्याच नाहीत. जो चढू शकत नाही त्याला मोजायचंच नाही, आणि मग म्हणायचं माणसं चढत नाहीत.

मग काठीला दोरी बांधून वस्तीपुढची मोकळी जागा मोजली. बसच्या ड्रायव्हरलाच विचारलं, वळायला किती लागतं? तो आपलाच, पलीकडच्या गावचा. इकडंतिकडं बघून म्हणाला, "चोवीस मीटर मिळाले तर एका दमात वळवतो, पण माझं नाव सांगू नका." आमची जागा भरली एकतीस मीटर. कागदावर तो आकडा लाल पेनानं लिहिला, खाली तेवीस सह्या, त्यातले सात अंगठे. गिरणीच्या ऑफिसात दिला. त्यांनी पोच द्यायला नकार दिला. आम्ही तिथंच खाली बसलो. पाळीचा भोंगा व्हायला दहा मिनिटं असताना पोच मिळाली. आता दर सोमवारी एक जण जाऊन विचारतो. ह्या सोमवारी माझी पाळी आहे.